तो फोन आपल्या घरी येतो तेव्हा

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी घरात काय धांदल असते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. आमच्या वऱ्हाडात तर सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर बांधायचा फुलोरा, असा सगळा थाट. त्यातून मी अर्धा दिवस शाळेत शिकवणारी. सकाळची शाळा आटोपून घरी यायचे आणि पदर खोचून कामाला लागायचे. गेल्या वर्षी याच दिवशी आमच्या घरी जे घडले ते आज सांगणार आहे. त्यामुळे या आठवड्यात लोणचे नाही, पापड नाही आणि उरलेल्या पोळ्यांचे काय करावे तेही नाही. त्याबद्दल रागावू नका. सगळे वाचून झाले की मग सांगा, या सदरात हे आले ते बरे झाले की नाही.

दुपारचे दोन वाजले असतील. डाळ शिजली होती, मी पुरण वाटायला घेतले होते. सासूबाई मुखवटे पुसत बसल्या होत्या. हे कामासाठी वाशीमला गेलेले. भाज्या मोजल्या तर चौदाच भरल्या. विड्याची पानेही कमी. आमचे रिठद तसे बरे मोठे गाव, पण सणाच्या आदल्या दिवशी इथे दुपारनंतर काही मिळेल तर शपथ. आमचा मोठा अकरावीला आहे, तेव्हा सोळा पूर्ण झाले होते. तो म्हणाला, “आई, मी रिसोडहून आणतो ना. स्कूटी घेऊन जातो, लगेच येतो.”

मी हात पुसले, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. वर म्हणाले, “हळू जा रे बाबा.”

हे “हळू जा” म्हणजे आपल्या आयांचा एक मंत्रच आहे. तो म्हटला की आपली जबाबदारी संपली असे आपल्याला वाटते. मुलाजवळ लायसन नाही, ते मिळायचे वयच नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, हे सगळे मला माहीत होते. शाळेत मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. तरी त्या क्षणी मला फक्त दोन भाज्या दिसत होत्या.

तासाभराने फोन आला. हात पुरणाचे, म्हणून फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. पलीकडून पोराचा आवाज अगदी बारीक झालेला.

“आई, पोलिसांनी अडवलंय. गाडी बाजूला लावायला सांगितलीय. लायसन मागतायत. काय सांगू?”

आणि मैत्रिणींनो, माझ्या तोंडून पहिले वाक्य काय निघाले असेल? “तुला कुठे लागले तर नाही ना” हे नाही. “चूक झाली म्हणून सांग” हेही नाही. मी म्हणाले, “अरे, पण तू थांबलासच कशाला?”

हे लिहिताना आजही मला लाज वाटते. पण लिहिणार आहे, कारण हे वाक्य माझ्या एकटीचे नाही, अशी माझी खात्री आहे.

माझा आवाज ऐकून ओट्यावर बसलेले धाकटे दीर आत आले. काय झाले ते कळताच त्यांनी मोटारसायकलची किल्ली उचलली. “वहिनी, तुम्ही राहू द्या. मी जातो. पाहतो कोण हाये तो. आपल्या पोराले अडवते म्हणजे काय?” दीर काही भांडखोर नाहीत. घरातल्या लेकराला कोणी अडवले की कुठल्याही काकाचे, मामाचे, मोठ्या भावाचे रक्त जसे उसळते तसेच ते उसळले. त्यांच्याबरोबर त्यांचा एक मित्रही उठला.

ते दाराबाहेर पडणार, तोच मला विलास शिंदे आठवले.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना हे नाव आठवत असेल. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २३ ऑगस्ट २०१६ चा दिवस. मुंबईत खार भागात एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक पोलीस विलास शिंदे आपल्या कामावर होते. वय पन्नाशीच्या घरात. उभी नोकरी उन्हापावसात काढलेली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेला एक मुलगा हेल्मेट न घालता गाडी घेऊन आला. शिंद्यांनी त्याला अडवले आणि लायसन मागितले. त्याच्याजवळ नव्हते. यात वेगळे असे काहीच नाही. असे प्रसंग रोज प्रत्येक शहरातल्या प्रत्येक चौकात घडतात.

त्या मुलाने घरी फोन लावला. मोठा भाऊ आला. बोलाचाली झाली, वाद वाढला आणि शिंद्यांच्या डोक्यावर लाकडी दांडक्याचा घाव बसला. त्यांना वांद्र्याच्या लीलावती रुग्णालयात नेले. आठ दिवस ते मृत्यूशी झुंजत होते. ३१ ऑगस्टला ते गेले. पोळा, गणपती तोंडावर आलेले. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या मूळ गावी सरकारी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सरकारने मदत जाहीर केली, पुढारी भेटून गेले. त्या दिवसांत पोलिसांच्या घरातल्या बायकाही पुढे आल्या, आमच्या माणसांच्या जिवाची हमी कोण देणार असे विचारू लागल्या. पण शिंद्यांच्या घरातला माणूस गेला तो गेलाच.

त्या वेळी ही बातमी वाचून मला एक गोष्ट फार लागली होती. हेल्मेट कशासाठी घालायचे? डोके वाचावे म्हणून. बाबा रे, तुझे डोके सांभाळ, असे एका परक्या पोराला सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यातच घाव घातला गेला. मी तेव्हा हळहळले, दोन दिवस शेजारणींशी बोलले आणि मग विसरून गेले. आपल्या घराशी त्याचा काय संबंध? मुंबईची गोष्ट, कुठल्या तरी बिघडलेल्या पोरांची गोष्ट, असेच मला वाटत होते.

पण त्या दुपारी दिरांच्या हातातली किल्ली पाहिली आणि चर्रकन लक्षात आले. तिकडेही असेच झाले असेल. पोराला अडवले. पोराने फोन केला. घरातले कोणीतरी तावातावाने निघाले. घरातून निघताना आपण एका माणसाचा जीव घेणार आहोत, असे त्याच्या मनात असेल असे मला वाटत नाही. तोही “पाहतो कोण आहे तो” एवढेच म्हणून निघाला असेल.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, “भाऊजी, तुम्ही जायचं नाही. गाडी माझ्या नावावर आहे, किल्ली मी दिली आहे, मीच जाते.”

सासूबाईंना हे मुळीच पटले नाही. “काहून वं, सणासुदीच्या घरात बाईमाणसानं पोलिसापुढं जाऊन उभं राहायचं? घरात बाप्पे नाहीत काय?” मी म्हटले, “आई, बाप्पे आहेत म्हणूनच मी जाते.” पुरणावर झाकण ठेवले, साडी बदलली, स्टँडवरून काळी-पिवळी पकडली आणि रिसोड गाठले. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी भरलेले. एरवी पाहत बसले असते. त्या दिवशी मला फक्त पोराचा चेहरा दिसत होता, आणि त्या पोलिसाचा, ज्याला मी अजून पाहिलेही नव्हते.

पोरगा रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभा होता. हातात भाजीची पिशवी. त्याच्याजवळ एक हवालदार, चाळिशी उलटलेला, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी पुढे गेले आणि म्हणाले, “मी याची आई.”

मैत्रिणींनो, तो माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या मागे पाहत होता. आधी माझ्या डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. मग म्हणाला, “एकट्याच आल्या?”

मी म्हटले, “एकटीच.”

तेव्हा कुठे त्याने खांदे सैल सोडले. म्हणाला, “बाई, राग मानू नका. गाडी बाजूला घेतली की पोरं आधी फोन काढतात. तेव्हापासून आम्ही रस्त्याकडे पाहत राहतो. कोण येईल, किती जण येतील, काय घेऊन येतील, सांगता येत नाही.”

त्याचे हे बोलणे मला अजून सोडत नाही. आपण म्हणतो पोलिसाला कसली भीती? त्याच्याजवळ काठी, त्याच्या मागे सरकार. पण भर दुपारी रस्त्यावर एकटा उभा असलेला तो माणूस माझ्या सोळा वर्षांच्या पोराच्या फोनला घाबरत होता. आणि त्याचे घाबरणे खोटेही नव्हते. मी दारात आडवी उभी राहिले नसते, तर त्याला माझ्या मागे खरोखरच दोन माणसे दिसली असती.

दंड झाला. गाडी माझ्या नावावर म्हणून पावतीही माझ्या नावावर. रक्कम सांगत नाही. एवढेच सांगते की त्या पैशांत महालक्ष्म्यांना दोन चांगली पातळे आली असती. गाडी घरी न्यायला लायसनवाला माणूस बोलवा, असे त्याने सांगितले, म्हणून संध्याकाळी हे वाशीमहून येताना तिकडे उतरले आणि गाडी घेऊन आले. चौदाच्या सोळा भाज्या झाल्या. महालक्ष्म्या जेवल्या. पण मला मात्र घास गोड लागला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढे पोलिसांचे गुणगान करता, सगळे पोलीस काय असेच असतात? आमच्या शेजारच्या काकूंनीही दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला मला हेच ऐकवले. “अगं, पावती न देता पैसे घेणारे काय कमी आहेत? अरेतुरे करणारे काय कमी आहेत?” खरे आहे. मी काही डोळे मिटून बसलेली नाही. वर्दीतला माणूस उर्मटपणे वागला, हात पसरला, तर आपल्याला राग येणारच, यावाही. पण त्या रागाला वाट आहे. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. नाव, जागा, वेळ टिपून ठेवा आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पावतीवाचून पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. हे सगळे घरी येऊन, डोके थंड करून करता येते. रस्त्यावर चार माणसे जमवून जे होते त्याला तक्रार म्हणत नाहीत. आणि मला आणखी एक विचारायचे आहे. आपल्याला नेहमी त्या वाईट पोलिसाचाच राग येतो, की आपली चूक दाखवणाऱ्या कुठल्याही पोलिसाचा? माझ्या मुलाला ज्याने अडवले तो तर अगदी बरोबर वागला होता. तरी माझ्या तोंडून “थांबलास कशाला” निघालेच ना?

हे कुठून येते, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, ते पार पाळण्यापासून येते. मूल जेवत नाही, की आपण म्हणतो, “जेव, नाहीतर पोलिसाला देईन.” झोपत नाही, “पोलीस आला बघ.” म्हणजे दोन वर्षांच्या लेकराला आपण शिकवतो की पोलीस म्हणजे धरून नेणारा बुवा. तेच पोर दहा-बारा वर्षांचे झाले की घरात ऐकते, “अरे, तो पांडू उभा आहे तिकडे, गल्लीतून काढ गाडी.” दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली आला. तो पाहून लोक हसले, यात गैर काही नाही. पण पडद्यावरचे ते नाव आपण रस्त्यावरच्या प्रत्येक वर्दीला चिकटवले, आणि मुलांच्या देखत चिकटवले. आधी भीती शिकवली, मग टिंगल शिकवली. मान द्यायला शिकवायचे मात्र राहूनच गेले. मग सोळाव्या वर्षी त्याला अडवले की त्याच्या मनात त्या माणसाबद्दल काय असणार?

आणि एक मोठी गंमत सांगते. आमच्या भागात पहाटे फिरायला निघा, रस्त्याने पोरांचे घोळकेच्या घोळके पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. जमिनीचा तुकडा लहान, पावसाचा भरवसा नाही, तेव्हा वर्दी मिळावी म्हणून आया-बाप नवस बोलतात. निवड झाली की गावात पेढे वाटतात. म्हणजे आपल्या पोराच्या अंगावर वर्दी आली की ती सोन्याची, आणि दुसरीच्या पोराच्या अंगावर असली की तो पांडू! त्या लिंबाखालच्या हवालदाराच्या आईनेही कधीतरी पेढे वाटले असतीलच की.

आता थोडे कायद्याचे. शिक्षिका आहे, तेव्हा हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पण सोपे करून सांगते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गिअरची मोटारसायकल किंवा आपण घरोघरी वापरतो ती स्कूटी चालवायचे लायसन मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळते ते फक्त पन्नास सीसीपेक्षा कमी ताकदीच्या, बिनगिअरच्या गाडीचे, तेही पालकांच्या संमतीने. आजकालच्या बहुतेक स्कूट्या शंभर सीसीच्या वरच्या. तेव्हा “आमच्या सोन्याला सोळावे लागले, आता चालते” हा समज डोक्यातून काढून टाका.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. मला माहीत नव्हते, माझ्या नकळत नेली, हे आपल्याला सिद्ध करावे लागते. खिळ्यावरची किल्ली स्वतःच्या हाताने काढून देणारी माझ्यासारखी आई ते कसे सिद्ध करणार? शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. अपघात झाला, चालवणाऱ्याजवळ लायसन नसले, तर विमा कंपनी नुकसानभरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे शेत, दागिने, काय असेल ते.

आणि “पोरगा लहान आहे, त्याला काय होते” हेही आता खरे नाही. जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बालन्याय कायद्याप्रमाणे, सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला, तर बालन्याय मंडळ तपासणी करून त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवण्यासाठी पाठवू शकते. कामावर असलेल्या सरकारी नोकराच्या अंगावर हात टाकणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही तो आहे. अशी एक तक्रार नावावर लागली की पहाटेचे सगळे पळणे वाया. कारण भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होतेच.

लेकरावरच्या मायेपोटी आईबाप कुठवर जातात, याची आणखी एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्यात पुढे मुलाचे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला. त्याच्या जागी आईचेच रक्त दिले, असा पोलिसांचा आरोप होता. त्यात आईलाही अटक झाली. खरेखोटे न्यायालयाचे काम. पण ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. लेकरासाठी आपण रक्त द्यायला तयार असतो, सगळ्याच असतो. प्रश्न एवढाच, की ते रक्त त्याला वाचवायला देतो की त्याची चूक झाकायला?

आमच्या घरी त्यानंतर काय काय बदलले ते सांगते. तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिली गोष्ट, किल्ली. देव्हाऱ्याशेजारचा खिळा मी काढून टाकला. स्कूटीची किल्ली आता माझ्या कपाटात, माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. मुलाला दूर जायचे असेल तर सायकल आहे, एसटी आहे, काळी-पिवळी आहे. दोन भाज्या कमी पडल्या तर महालक्ष्म्या चौदा भाज्यांवर जेवतील. त्या समजूतदार आहेत.

दुसरी, हेल्मेट. हे पूर्वी गाडीच्या आरशाला हेल्मेट अडकवून, रिकाम्या डोक्याने जात. आता दारातून बाहेर पडतानाच डोक्यावर, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला. मीही मागे बसताना घालते. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. अंबाडा असला की हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून वेणी घालते. घेताना आयएसआयची खूण पाहून घ्या. रस्त्यावरची शंभर-दीडशेची टोपी फक्त दंड चुकवायला, डोके वाचवायला नाही. आतले अस्तर सुटे होत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा साध्या साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, म्हणजे वास येतो ही तक्रार राहणार नाही. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका, वरून धड दिसले तरी.

तिसरी, कागद. लायसन, गाडीच्या नोंदणीचे पुस्तक, विमा, धुराचे प्रमाणपत्र ही चार नावे पाठ करा, जशी मसाल्याच्या डब्यातली वाट्यांची नावे पाठ असतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांवर ती फोनमध्ये ठेवता येतात आणि चालतात. विम्याची आणि धुराच्या कागदाची मुदत मी दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. तो फोन. आम्ही चौघे जेवायला बसलो असताना मी सांगितले, की कोणालाही रस्त्यात अडवले तर काय करायचे हे आजच ठरवू. गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची. मागतील ते कागद दाखवायचे. नसतील तर “नाहीत” म्हणायचे. मामाचे नाव नाही, काकाचे नाव नाही, “तुम्हाला माहीत नाही मी कोण” तर मुळीच नाही. घरी फोन जरूर करायचा, पण मदतीला, फौज बोलवायला नाही. आणि घरून जाईल तो एकटा जाईल, थंड डोक्याने जाईल आणि गेल्यावर आधी नमस्कार करील.

धाकटे दीर त्या वेळी गप्प बसले होते. जेवण झाल्यावर ताट उचलताना म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिल्या नसत्या तर मी काय केलं असतं, मले खरंच माहीत नाही.” त्यांच्या या एका वाक्याने मला जेवढे भरून आले तेवढे कुठल्याही बक्षिसाने आले नसते.

आणि मुलगा? तो काही दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याला दंडाचे वाईट वाटले नव्हते. एके रात्री म्हणाला, “आई, तू फोनवर म्हणालीस ना, थांबलास कशाला. मला वाटलं, मी थांबलो हेच चुकलं. पुढच्या वेळी जोरात काढीन असं मी ठरवलं होतं.” मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डा पडला. एका वाक्याने मी त्याला काय शिकवून बसले होते! जोरात काढली असती तर तो त्या हवालदाराच्या अंगावर गेला असता, किंवा समोरून येणाऱ्या ट्रकखाली. मी त्याला जवळ घेतले आणि म्हटले, “तू थांबलास हेच त्या दिवशी आपल्या घरात कोणी केलेलं पहिलं बरोबर काम. चुकलं ते माझं.” आईने मुलापुढे चूक कबूल करावी की नाही, यावर आपल्यात मतभेद असतील. माझा अनुभव असा, की त्यानंतर तो माझे ऐकू लागला.

परवा एसटीतून उतरताना तोच हवालदार दिसला. ऊन मी म्हणत होते. मुलाने आपणहून जवळ जाऊन नमस्कार केला. त्याने ओळखले नाही. रोज इतकी पोरे अडवतो, कोण कोण लक्षात ठेवणार? त्याने मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. त्याच्या घरीही संध्याकाळी कोणीतरी कणीक मळून ठेवून दाराकडे पाहत बसत असेल.

तुमच्या घरी किल्ली कुठे टांगलेली असते ते आज एकदा पाहा. आणि तो फोन आला तर आपण पहिले वाक्य काय बोलणार, तेही आजच ठरवून ठेवा. ऐन वेळी सुचत नाही, मला तरी सुचले नव्हते. तुमचे अनुभव मला जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात, वचन देते, पापडांचेच बोलू.